पाणी पात्यावर सोडा

मुंबईत टॉवरचं काम निघालं की आधी पत्रे उभे राहतात. महापालिकेच्या ऑक्टोबर २०२३ च्या नियमावलीप्रमाणे ७० मीटरहून उंच इमारतीभोवती ते किमान ३५ फुटांचे हवेत. शिवाय हिरवं कापड, ट्रकची चाकं धुण्याची सोय, हवेत फवारा मारणारी यंत्रं. ३० डिसेंबर २०२४ ला तर पालिकेने भायखळा आणि बोरिवली पूर्व इथली सगळी बांधकामंच थांबवली. शहराची हवा वाचवायला हे सगळं हवंच. पण पत्र्याच्या आत कटर चालवणाऱ्याचं काय? धूळ उठते ती त्याच्या नाकापासून हातभर अंतरावर. शहराच्या हवेचा आकडा रोज पेपरात येतो, त्याच्या श्वासातल्या धुळीचा आकडा कुठेच येत नाही.

त्याच नियमावलीत एक कलम आहे: कापणं, घासणं, भोकं पाडणं ही कामं बंदिस्त जागेत करा आणि पाण्याचा फवारा सतत चालू ठेवा. यातलं पहिलं अर्धं पाळायला फुकट आहे. मजुराला खोलीत बसवायचं, खिडकीला ताडपत्री लावायची. शेजारच्या सोसायटीची तक्रार संपते. पण पाण्याचं दुसरं अर्धं गाळलं, की त्या खोलीतली सगळी धूळ एकट्या मजुराच्या वाट्याला येते.

आणि ही धूळ साधी नाही. काँक्रीट, वीट, ग्रॅनाइट, टाइल या सगळ्यांत सिलिका असते. कोरडं कापलं की तिचे डोळ्यांना न दिसणारे कण थेट फुप्फुसाच्या तळाशी जाऊन बसतात आणि तिथे व्रण पडत जातात. हा सिलिकोसिस. तो बरा होत नाही, वर क्षयाला वाट करून देतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने अशा स्फटिकरूप सिलिकेला १९९७ मध्येच कर्करोगकारक ठरवलं आहे. दम लागायला बहुधा दहा-वीस वर्षं जातात. तोवर माणूस गावी परतलेला असतो. तिथे टीबीच्या गोळ्या सुरू होतात आणि कोणत्या साइटने त्याला हा आजार दिला, हे विचारणारंही कोणी नसतं.

उपाय साधा आहे. पाणी पात्यावर सोडा. हातातल्या मोठ्या कट-ऑफ मशीनच्या पात्यावर मिनिटाला अर्धा लिटर पाणी पडलं पाहिजे, असं ब्रिटनमधल्या कामगार-सुरक्षा यंत्रणेचं मार्गदर्शन सांगतं. पाणी नीट सोडलं तर नव्वद टक्क्यांच्या आसपास धूळ जागीच बसते. ठेकेदार म्हणेल, शॉक लागेल. मग पाण्याची जोडणी असलेलंच मशीन आणा आणि लाइनवर वीज गळताच प्रवाह तोडणारा ईएलसीबी बसवा. भिंतीला झिरी मारताना पाणी चालत नसेल, तर ग्राइंडरला धूळ ओढणारं झाकण आणि चांगल्या फिल्टरचा व्हॅक्युम लावा. चिखल ओला असतानाच उचला, वाळला की त्याची पुन्हा धूळ होते. कोरडा झाडू तर साइटवरून हद्दपारच करा.

मास्क याच्यानंतर येतो. तोंडाला बांधलेला रुमाल हे कण अडवत नाही. एन-९५ अडवतो, पण तो चेहऱ्याला घट्ट बसला तरच, आणि दाढीवर तो बसत नाही. मुंबईच्या दमट उकाड्यात आठ-दहा तास तो घालून राबा, असं मजुराला बजावायचं आणि मशीनला साधी नळी जोडायची नाही, ही जबाबदारी झटकणं आहे. अमेरिकेच्या २०१६ च्या नियमांत कोणत्या मशीनला पाणी, कोणत्याला व्हॅक्युम याचा तक्ताच आहे. आधी मशीन सुधारायचं, तेवढ्याने भागत नसेल तिथे मास्क जोडायचा, हा त्याचा क्रम. आपल्या निविदांतही तसा तक्ता हवा आणि त्याचा स्वतंत्र दर हवा. दर नसेल, तर सगळ्यात कमी बोली लावणारा ठेकेदार आधी पाणीच छाटणार.

कामगारांच्या कल्याणासाठी बांधकाम खर्चावर १ टक्का उपकर १९९६ च्या कायद्याने आला. त्या पैशातून कटर, ब्रेकर, ग्राइंडर चालवणाऱ्यांचा दरवर्षी छातीचा एक्स-रे आणि श्वासाची तपासणी झाली पाहिजे. नाक्यावरच्या मजुराची नोंद नसेल तर तपासणीच्या टेबलावरच नोंद करा. राजस्थानने २०१९ मध्ये सिलिकोसिससाठी स्वतंत्र धोरण आणलं: निदान झाल्यावर ३ लाख, मृत्यूनंतर कुटुंबाला २ लाख. ज्याची मुंबई देशात सगळ्यात जास्त टॉवर उभारणाऱ्या शहरांत मोडते, त्या महाराष्ट्रानेही असं धोरण करावं आणि पैसे वाटण्याची वेळच कमी यावी म्हणून पाण्याची सक्ती आधी करावी.

आणि हे फक्त बिल्डरांना सांगून भागणार नाही. आपल्या घरात फरशी बदलताना, ओट्याचा ग्रॅनाइट कापताना तो मजूर आपण लावलेला असतो. कोरडं कापू देऊ नका. ओल्या कामाला वेळ जास्त लागतो, चिखल उचलायला एक माणूस जास्त लागतो. ती मजुरी त्याने मागितली तर घासाघीस न करता द्या.