थवा उठवणारे

भिगवणला रोहित (फ्लेमिंगो) बघायला येणाऱ्या बहुतेक कॅमेरेवाल्यांना एकच फोटो हवा असतो: थवा उडतानाचा. उभा रोहित लांबून पांढुरका दिसतो. पंख उघडले की आतला लालभडक रंग आणि काळी किनार दिसते. मग नावाड्याला सांगितलं जातं, "दादा, जरा आत घाला की होडी." दादा घालतात. थवा उठतो, शटर कडाडतात, होडीत सगळे खूश. मला याचा राग येतो, आणि तो दादांवर नाही.

भिगवण ज्याच्या काठावर आहे ते भीमा नदीवरचं उजनी धरण पावसाळ्यात तुडुंब भरतं, तेव्हा त्या खोल पाण्यात रोहिताला काही मिळत नाही. हिवाळ्यात पाणी हळूहळू मागं सरतं, गाळपेराची जमीन उघडी पडते आणि काठाला उथळ पाण्याची पट्टी उरते. तिच्यासाठी तो येतो. डोकं उलटं करून चोच पाण्यात फिरवायची, जिभेनं पाणी आत ओढायचं, चोचीतल्या गाळणीतून बाहेर टाकायचं आणि शेवाळ, किडे, बारीक कवचधारी जीव तेवढे ठेवायचे. पोट भरायला हे तासन्‌तास चालतं. पिसांचा गुलाबी रंगही याच खाण्यातून येतो. ज्या रंगामागे होडी धावते, तो तयार करणारं काम होडीच बंद पाडते.

शिवाय दोन ते चार किलोंचा हा पक्षी जागच्या जागी उडू शकत नाही, पाण्यावर धावत वेग घ्यावा लागतो. एका होडीनं उठवलेला थवा पलीकडे उतरतो, तिथं दुसरी होडी हजर. सुट्टीच्या सकाळी हे चालूच राहतं. पट्टकदंब हंसांना तर हिमालय ओलांडून परत जायचं असतं. त्यासाठी अंगावर चढवलेली चरबी आपण त्यांना इथंच जाळायला लावतो.

1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीची व्याख्या बंदुकीपाशी थांबत नाही. प्राण्याला हाकणं आणि आमिष दाखवणंही तिच्यात येतं. कुरव पक्षी जवळ यावेत म्हणून शेव-गाठी उधळणाऱ्यांनीही हे वाचावं.

चांगला फोटो मिळत नाही असं मुळीच नाही. थवा उठण्याआधी सांगतो. पहिल्यांदा खाणं थांबतं. एक मान ताठ वर होते, मग शेजारच्या चार-पाच. मग सगळे एकाच दिशेला चालू लागतात. पहिली मान वर झाली की थांबायचं. बांबूनं होडी थोडी मागं घेतली आणि गप्प बसलं, की माना पुन्हा खाली जातात. इंजिन तर त्याच्या बरंच आधी बंद व्हायला हवं. सूर्य पाठीशी, कॅमेरा होडीच्या काठाइतका खाली, 500-600 मिलिमीटरची लेन्स, आणि वाट बघायची तयारी. रोहित खाण्याची जागा बदलायला आपणहून उडतातच. तेव्हा पंखही उघडतात आणि रंगही दिसतो, फक्त वेळ त्यांनी ठरवलेली असते. मला विचाराल तर उलट्या डोक्यानं चरणाऱ्या रोहिताचा फोटो जास्त मोलाचा आहे. चोचीतून निथळणारं पाणी, बाजूला पाय आपटून ढवळलेला गाळ, एवढं जवळून दिसतं आणि त्याचं सगळं जगणं त्यात असतं. पण प्रदर्शनात भिंतीवर लागतो तो उठलेला थवाच. परीक्षकांनी एकदा विचारावं की हे पक्षी कशामुळे उडाले.

भिगवणजवळच्या कुंभारगाव-डिकसळचे नावाडी मूळचे मासेमार. पक्षी कुठं उतरलाय आणि किती जवळ गेलं की उडेल, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नाही. पण हंगाम चार-सहा महिन्यांचा, आणि गिऱ्हाईक नाराज झालं तर पुढच्या वेळी शेजारच्या होडीत बसणार. त्यांनी नाही म्हणावं ही अपेक्षा आपण कोणत्या तोंडानं करायची? नाही म्हणण्याची सोय पैसे देणाऱ्यानं करून द्यायला हवी. होडीत पाय ठेवण्याआधीच भाडं ठरवताना सांगा, "दादा, थवा उठवायचा नाही. फोटो नाही मिळाला तरी पूर्ण पैसे, आणि एकही पक्षी न उडवता परत आणलंत तर वर शंभर रुपये."