मूर्ख प्रश्नांची थोरवी

"साहेब, आणि ती पिन निघालीच नाही तर?"

प्रश्न आमच्या विभागातल्या परिचर मावशींचा. तारीख ४ मार्च, राष्ट्रीय सुरक्षा दिन. विज्ञान इमारतीच्या मागे आम्ही चाळीसेक जण उन्हात उभे होतो आणि अग्निशमन दलातून निवृत्त झालेले एक अधिकारी लाल सिलिंडर हातात घेऊन तो कसा वापरायचा ते दाखवत होते. मावशींचा प्रश्न ऐकून मागच्या रांगेत हसू पसरलं. साहेब हसले नाहीत. त्यांनी पहिल्या पाच प्राध्यापकांना पुढे बोलावून पिन काढायला सांगितली. तिघांना ती काढता आली नाही. सिलिंडर दांडीला धरून उचलायचा, घाईत मूठ आवळायची आणि त्याच वेळी पिन ओढायची, असं ते करत होते. मूठ आवळली की पिन अडकते. सिलिंडर जमिनीवर ठेवा, मूठ सैल सोडा, पिन जरा पिरगळून सील तोडा आणि मग ओढा, असं साहेबांनी सांगितलं. त्या दिवशी शिकण्यासारखं जे काही होतं, ते मावशींच्या प्रश्नातून निघालं.

मला या मूर्खपणाची स्तुती करायची आहे, आणि ती मनापासून. समर्थांनी दासबोधाच्या दुसऱ्या दशकात आधी मूर्खाची लक्षणं सांगितली आणि त्याच दशकाच्या अखेरीस पढतमूर्खाची. विद्यापीठात तीस वर्षं काढल्यावर मला पहिल्याची भीती वाटत नाही. ज्याला माहीत नाही तो विचारतो. ज्याला माहीत असायलाच हवं असं सगळे धरून चालतात, तो विचारत नाही. धोका तिथे असतो.

न विचारल्याने काय होतं, याच्या दोन घटना सांगतो. पहिली दिल्लीची. दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागात एक गॅमा किरणांचं यंत्र होतं. १९६८ साली कॅनडातून आणलेलं, आत कोबाल्ट-६०. १९८५ पासून ते वापरात नव्हतं. फेब्रुवारी २०१० मध्ये ते लिलावात निघालं आणि मायापुरीच्या भंगार बाजारात पोहोचलं. तिथल्या माणसांनी ते फोडलं, शिसं वेगळं केलं. चकचकीत तुकडे हातोहात फिरले, एकाने तर एक तुकडा पाकिटात ठेवला. एप्रिलमध्ये माणसं आजारी पडू लागली आणि २६ एप्रिलला त्यांतला एक कामगार मरण पावला. किरणोत्सर्गी अपघातांच्या आंतरराष्ट्रीय मोजपट्टीवर ही घटना चौथ्या पातळीची ठरली.

कोबाल्ट-६० ची तीव्रता साधारण सव्वापाच वर्षांत निम्मी होते. १९६८ ते २०१० म्हणजे बेचाळीस वर्षं, आठ वेळा निम्मी. मूळ ताकदीचा सुमारे अडीचशेवा हिस्सा उरला होता. माणूस गेला तो त्या उरलेल्या हिश्श्याने. हा हिशोब त्या विभागातला पदवीचा विद्यार्थीही कागदावर करू शकला असता. पण यंत्र बाहेर पडताना तो कोणी केला नाही.

जुन्या वस्तू नोंदीतून काढून टाकणाऱ्या अनेक निर्लेखन समित्यांवर मी बसलो आहे, म्हणून ती बैठक कशी चालते ते मला ठाऊक आहे. डेडस्टॉक रजिस्टर उघडतात. वस्तू, नग, खरेदीचं वर्ष, शेरा: 'निरुपयोगी'. ती वापरणारे प्राध्यापक केव्हाच निवृत्त झालेले असतात. खोली रिकामी हवी असते. अशा वेळी "यात आहे तरी काय?" असं विचारणारा माणूस सगळ्यांचा खोळंबा करतो. तो विचारतो आणि बैठक पुढे ढकलली जाते. मला तो माणूस समितीवर हवा आहे. आणि सुरक्षा प्रशिक्षणाला रसायनवाल्यांच्या आधी भांडारपाल, लेखा विभागातले कारकून आणि हमाली करणारे परिचर बसवायला हवेत, कारण विद्यापीठातली शेवटची सही आणि शेवटचा हात त्यांचा असतो.

दुसरी घटना लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातली. २९ डिसेंबर २००८. तेवीस वर्षांची संशोधन सहायक सिरिंजने टर्ट-ब्यूटिललिथियम काढत होती. हवेला लागताच पेट घेणारं द्रव्य ते. सिरिंजचा दट्ट्या निसटला, अंगावरच्या कृत्रिम धाग्याच्या स्वेटरने पेट घेतला. एप्रन नव्हता. अठरा दिवसांनी ती गेली. तिला प्रशिक्षण दिल्याची नोंद चौकशीत सापडली नाही. प्रयोगशाळेत आपत्कालीन शॉवर होता, काही पावलांवर, पण त्याखाली तिला कोणी नेलं नाही.

हा शॉवर माझ्या मनातून जात नाही. तो भिंतीवर असणं आणि पेटलेल्या माणसाला त्याच्याखाली ओढणं यात मोठं अंतर आहे, आणि ते फक्त सरावाने तुटतं. म्हणून मी आमच्याकडे शॉवरची साखळी प्रत्येकाला एकदा ओढायला लावतो. पाणी खाली सांडतं, फरशी ओली होते, सफाईवाले वैतागतात. डोळे मिटून शॉवरपर्यंत चालत जायलाही सांगतो, कारण डोळ्यात आम्ल गेलेल्या माणसाला दिसत नसतं. पंचावन्न वर्षांचे विभागप्रमुख डोळे मिटून, हात पुढे करून टेबलं चाचपत चालतात तेव्हा विद्यार्थी हसतात. हसू द्यावं. त्या दोन मिनिटांत विभागप्रमुखांच्या पायांना वाट कळते.

त्या तरुणीच्या प्रकरणात आणखी एक गोष्ट आहे, ती विद्यापीठांनी नीट वाचावी. ती पगारी कर्मचारी होती, म्हणून राज्याच्या कामगार सुरक्षा यंत्रणेला दखल घेता आली आणि प्राध्यापकावर फौजदारी खटला उभा राहिला. २०१४ मध्ये तो तडजोडीने मिटला. त्याच टेबलावर ती विद्यार्थिनी म्हणून उभी असती, तर तो कामगार कायदा तिला लागू झाला नसता. आगीला मात्र हजेरीपट आणि पगारपट यांतला फरक कळत नाही.

आमच्याकडे प्रशिक्षणाच्या दिवशी हजेरीच्या कागदावर सह्या होतात आणि चहानंतर निम्मी माणसं दिसत नाहीत. त्यावर मी फार शब्द खर्चणार नाही. जी उरतात त्यांच्यात मावशी असतात, पहिल्या रांगेत. गेल्या वर्षी त्यांनी विचारलं, "बाटलीवरची चिठ्ठी पुसली असेल तर ती बाटली धुवायची का?" वीस वर्षं त्या अशा बाटल्या धूत आल्या होत्या, आणि अशी बाटली धुवू नये, हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. आम्ही त्याच दिवशी नियम केला: चिठ्ठी नाही, तर हात नाही. आधी शिक्षकाला बोलवायचं.

या मार्चमध्ये निर्लेखनाची नवी यादी माझ्याकडे आली. चौदाव्या ओळीवर लिहिलं होतं: 'लोखंडी पेटी, जड, नग एक, निरुपयोगी.' मी सही न करता यादी परत पाठवली आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, 'आत काय आहे?'

उत्तर अजून आलेलं नाही. पेटी जिथे होती तिथेच आहे, आणि खोलीची किल्ली मावशींकडे दिली आहे.