इंजिनाचं गोत्र

कोल्हापूरकडे जुन्या जीपच्या बॉनेटवर काय लिहिलंय, यावर जाणता माणूस विश्वास ठेवत नाही. नाव विलीजचं, पत्रा महिंद्राचा, आणि आत कोण नांदतंय ते बॉनेट उचलल्याशिवाय ब्रह्मदेवालाही सांगता यायचं नाही. महिंद्रांनी १९४७ साली मुंबईत विलीज जीप जुळवायला घेतल्या, तेव्हा त्या पेट्रोल पीत. पुढे मालकांना ते पिणं परवडेना. त्यांनी जीप ठेवली आणि इंजिनाला भंगारात धाडलं. डिझेल स्वस्त, बॉनेटखालची जागा रिकामी, आणि शिवाजी उद्यमनगरात लेथवर मागाल ते कातून देणारे कारागीर. मग काय व्हायचं राहतंय?

मामांनी घेतलेली जीप याच वंशातली. आर.सी. बुकात इंधन पेट्रोल. गाडी मात्र डिझेलवर चाले, आणि सकाळी सुरू झाली की शेजारची म्हैस पान्हा चोरे. इंजिन कुठलं, असं विकणाऱ्याला विचारलं तर म्हणाला, "कंपनीचं." कुठल्या कंपनीचं, असं पुढे विचारणं त्याला अपमानाचं वाटलं.

हेड गॅस्केट जाईपर्यंत हा प्रश्न कुणाला छळत नव्हता. पण दुकानदार गॅस्केट देण्याआधी इंजिन विचारतो. झालं, गावाला काम मिळालं. निवृत्त सुभेदारांनी लांबूनच "मिलिटरीचं" असा निकाल दिला. ज्याच्या दारात ट्रॅक्टर त्याला ते ट्रॅक्टरचं वाटलं. एक गृहस्थ डोळे मिटून आवाज ऐकायला बसले, ते तसेच झोपले.

मिस्त्री आले आणि म्हणाले, "मतं ऱ्हाऊ द्या, पान्हा द्या."

स्थळाच्या चौकशीला गेलेला मुरलेला माणूस नवऱ्या मुलाशी न बोलता आधी परसात फेरी मारतो, तसं मिस्त्रींनी इंजिनाला हातही न लावता बॉनेटची उंची पाहिली. "हितं हरिकेन हुतं." जुन्या विलीज इंजिनात दोन्ही व्हॉल्व ब्लॉकमध्ये असत. हरिकेनमध्ये इनलेट व्हॉल्व वर हेडमध्ये गेले, एक्झॉस्टचे खालीच राहिले. माप तेच, १३४ घनइंच, म्हणजे २.२ लिटर, पण उंची वाढली आणि बॉनेट वर उचलावं लागलं. थोडक्यात, गेलेल्याची ओळख पटली. आता राहत्याची.

मग रॉकेल आणि तारेचा ब्रश. ब्लॉकवर आकडे दोन प्रकारचे असतात. उठून दिसणारे आकडे साच्यातून आलेले. ते हजारो भावंडांवर सारखेच. ठोकून खोलगट केलेला नंबर मात्र त्या एकट्याचा, आणि आर.सी. बुकाशी जुळायला हवा तो हाच. आमच्या इंजिनावर तो नंबर रंगाच्या थरांखाली होता. प्रत्येक मालकाने गाडी रंगवताना इंजिनालाही न्हाऊ घातलं होतं. खरवडल्यावर आधी हिरवा, मग निळा, मग पुन्हा हिरवा रंग निघाला. नंबर काही दिसेना.

"नंबर ऱ्हाऊ दे. ह्ये बघा, हीटर प्लग." एवढ्या जुन्या इंजिनात हीटर प्लग दिसले म्हणजे ते बहुधा डायरेक्ट इंजेक्शनचं नव्हे. मिस्त्रींच्या मते उमेदवार दोनच उरले. एक पूजोचं एक्सडीपी ४.९०, जे महिंद्राने कितीतरी जीपमध्ये घातलं. त्याच्या नावातच कुंडली आहे: चार सिलिंडर, नव्वद मिलिमीटरचा बोअर. दुसरं बजाज टेम्पोच्या मॅटाडोरचं.

टॅपेट कव्हर उघडलं. पूजोत कॅमशाफ्ट खाली ब्लॉकमध्ये असतो आणि लांब पुशरॉड व्हॉल्व उघडतात. इथे कॅमशाफ्ट साखळीच्या जोरावर वर हेडमध्येच विराजमान होता. "मॅटाडोर," मिस्त्री म्हणाले. "ओएम ६१६. मूळचं मर्सिडीजचं."

पुढचं कुणी ऐकलंच नाही. मामांनी आधी टोपी सरळ केली, मग गाडीकडे नव्या नजरेने पाहिलं. तासाभरात गावात बातमी झाली: मामांकडे मर्सिडीज आहे, वरून फक्त जीप दिसते. रंगाच्या शेवटच्या थराखाली ६१६ हा आकडा निघाला, तेव्हा मामांनी तो फडक्याने हलकेच पुसला.

गिअरबॉक्सची पाळी आली. ट्रान्सफर केस हायमध्ये, गाडी पहिल्या गिअरमध्ये. हीटर प्लग काढून पुलीचा नट पान्ह्याने फिरवायचा, आणि मागे प्रोपेलर शाफ्टचा एक फेरा होईतो इंजिनाचे फेरे मोजायचे. पुलीवर आणि शाफ्टवर खडूच्या खुणा करून मोजायला पोरं बसवली. उत्तर पावणेतीनच्या किंचित वर आलं. पुढचे गिअर तीन, पहिल्याला सिंक्रो नाही, प्रमाण २.८: हा टी-९०, विलीजबरोबर आलेला. नवरा बदलला तरी हा दीर घर सोडून गेला नव्हता.

जर्मन वंशाचं इंजिन आणि अमेरिकन गिअरबॉक्स यांच्यामध्ये अडीच बोटं जाडीची एक प्लेट होती. तिच्यावर ना नंबर, ना नाव. मिस्त्रींनी तिच्यावरून अंगठा फिरवला. "ही आपली. उद्यमनगरची." साऱ्या गाडीत अस्सल कोल्हापुरी तेवढीच, आणि कुठल्याही कॅटलॉगात नसलेलीही तेवढीच. जाताना ते बजावून गेले, "मालक, आदी आर.सी.वर इंजन चढवून घ्या." इंजिन बदललं तर त्याची नोंद लागते; मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ त्यासाठीच आहे. मामांनी मान डोलावली, पण मन मर्सिडीजमध्ये होतं.

त्याच मनाने ते सुट्या भागांच्या दुकानात गेले. छाती पुढे काढून म्हणाले, "मर्सिडीजचं हेड गॅस्केट."

दुकानदाराने वर पाहिलं. "मर्सिडीजचं मुंबईहून मागवावं लागंल. आधी निम्मे पैसे भरा. मॅटाडोरचं पायजे असंल तर ह्ये काय, खिळ्याला लटकलंय."

मामांनी इकडेतिकडे पाहिलं. ओळखीचं कुणी नव्हतं.

"काढा," ते म्हणाले, "आणि कागदात गुंडाळून द्या."