टूथपिकचं भोक

मायक्रोवेव्हमध्ये एका मिनिटात पोच्ड एग होतं, ही बातमी मलाजखंडच्या तांब्याच्या खाणीच्या क्वार्टरांमध्ये पोहोचली आहे. कपात अर्धा कप पाणी, त्यात अंडं फोडायचं, वर बशी, बटण दाबायचं, झालं! हे सांगणारे एक मिनिटवाले तुमच्याही शेजारी राहत असतीलच. श्राद्धाच्या पंगतीतही त्यांची नजर मनगटावर असते.

पण या कृतीत, पाणी आणि बशी यांच्या मध्ये, एक ओळ हळूच येऊन जाते. पिवळ्याला टूथपिकनं टोचा.

आता पोच्ड एग करायचं कशासाठी? पिवळं जसंच्या तसं राहावं आणि पानात आल्यावर आपण ते फोडावं, एवढ्यासाठीच. आणि इथे सुरुवातच त्याला टोचून! न टोचलं तर काय होतं, तेही एक मिनिटवाले शांतपणे सांगतात. पिवळ्याच्या पातळ पडद्याआड वाफ कोंडते, आणि अंडं फुटतं.

मलाजखंडच्या माणसाला हे पटवणं कठीण आहे. १९८२ पासून इथे खाणीतून तांबं निघतंय. दगडात ड्रिलनं भोक पाडायचं, ते दगड फुटावा म्हणून. हयात त्यात गेली. रिटायर होऊन घरी बसावं, तर सून म्हणते, बाबा, भोक पाडा, म्हणजे फुटणार नाही. बरं, भोक किती खोल? एक काका म्हणतात, नुसता पडदा फाटला तरी पुरे. दुसरे म्हणतात, तीन भोकं, त्रिकोणात. तिसरे ब्लास्टिंगमध्ये होते, ते आधी ओट्यावर खडूनं नकाशा काढतात. बटण दाबण्यापूर्वी भोंगा वाजवावा, फ्रिजला लाल झेंडा लावावा, पोरांना अंगणात काढावं आणि आजीला पलंगासकट पुढच्या खोलीत हलवावं, असा त्यांचा आग्रह आहे. दहा सेकंद चालवा, थांबा, दार उघडून बघा, पुन्हा दहा सेकंद. नाही फुटलं तर जास्तच सांभाळा, कारण खाणीतसुद्धा न उडालेला बारच घातकी असतो. हे विनोदानं म्हणत नाही. मायक्रोवेव्हमधून सुखरूप बाहेर आलेलं अंडं पहिल्या घासाला तोंडात फुटल्याची उदाहरणं आहेत. म्हणजे एका मिनिटाच्या न्याहारीला सेफ्टी ऑफिसर, हेल्मेट आणि ड्रिलचा एक माणूस. टूथपिकचा तेवढा खर्च वाचतो, कारण ती हॉटेलातून आणलेली असते.

त्यात तांब्याचं भांडं मायक्रोवेव्हमध्ये चालत नाही, ठिणग्या उडतात. गाव तांब्याचं, लहरी निर्माण करणाऱ्या मॅग्नेट्रॉनच्या पोटातला भाग तांब्याचा, आणि घरची तांब्याची वाटी मात्र दाराबाहेर. शंभर किलो दगड फोडावा तेव्हा जेमतेम किलोभर तांबं हाती लागतं. एवढा डोंगर उपसला तो अंड्यामागे तीन मिनिटं वाचावीत म्हणून!

आणि वाचतात का? एका अंड्याला मिनिट. दोन ठेवली तर जवळपास दुप्पट, कारण मशीनची ताकद तेवढीच आणि ती वाटली जाते. घरात माणसं सहा. सहावं अंडं टोचून होईतो पहिलं गार, आणि ज्याला ते वाढलं तो पहिल्या पाळीला निघूनही गेलेला. आपल्याकडे रश्शाला उकळी आली की त्यातच अंडी फोडून सोडतात, ढवळत नाहीत, वर झाकण ठेवतात. पाचेक मिनिटांत सहाही तयार, पिवळं शाबूत, आणि खाली भाताला रस्सा. आपल्या बालाघाट जिल्ह्याचा चिन्नोर तांदूळ असेल तर विचारूच नका. कुणी कधी टोचलं नाही.

तरी हेही सोडून देऊ. हौस आहे, करा. मला राग येतो तो त्या कपाचा. पांढरं कपाच्या आत असं चिकटून बसतं की घासणीचा जीव जातो. फुटलं असेल तर छताला, दाराला, फिरत्या काचेच्या थाळीच्या खाली, सगळीकडे. ते कोण काढतं? एक मिनिटवाले? ते तर मिनिट वाचवून कधीच सोफ्यावर जाऊन मोबाइलमध्ये पुढची युक्ती शोधताहेत. कप सिंकमध्ये कोरडा पडून आहे, आणि मोहगावहून चालत येणाऱ्या बाई अकरा वाजता तो नखानं खरवडताहेत. त्यांचा पगार वाढवा म्हटलं की ‘काम असतंच किती?’ असं विचारणारे हेच. वाचवलेलं मिनिट यांचं आणि खरवडायची दहा मिनिटं बाईंची, हा कुठला हिशेब? ज्या घरात कप घासणारा दुसराच आहे, त्याच घरात स्वयंपाक एका मिनिटात होतो.

तेव्हा एक मिनिटवाल्यांनो, अंडं खुशाल टोचा, भोकं तीन पाडा नाहीतर तीस. फक्त खाऊन झालं की कप स्वतः घासा. आणि तेव्हा घड्याळ लावा.