मंदक्रीडामीमांसा

ग्रंथारंभी विषय, प्रयोजन, संबंध आणि अधिकारी हे अनुबंधचतुष्टय सांगावे, अशी आपल्याकडची रीत आहे. ती पाळतो. विषय : गोल्फच्या मैदानावर रेंगाळणारा मनुष्य. प्रयोजन : त्याला हलवणे. संबंध : तो पुढे, आपण मागे. अधिकारी : ज्याने आयुष्यात एकदा तरी पुढच्याच्या पाठीकडे पाहत दातओठ खाल्ले आहेत असा कोणीही, त्याने गोल्फची काठी हातात धरलेली असलीच पाहिजे असे नाही.

हा ग्रंथ बेगडेवाडीत सिद्ध होत आहे, याला आक्षेप येणार हे ठाऊक आहे. गोल्फवर लिहायचे तर येरवड्याला पूना क्लबच्या मैदानाशेजारी बसावे, नाहीतर लवळ्याच्या टेकड्यांत ऑक्सफर्डला जावे. मावळच्या तोंडाशी, देहूरोड आणि घोरावाडी यांच्या मधल्या लहानशा स्थानकावर बसून काय कळणार? उत्तर असे, की येरवड्याला नुसता गोल्फ दिसतो. बेगडेवाडीला खोळंबा दिसतो, आणि तोही शुद्ध स्वरूपात. येथे पुणे-लोणावळा लोकल तेवढी थांबते. १ जून १९३० पासून घाईत असलेली डेक्कन क्वीन फलाटावरच्या माणसांकडे न पाहता धाडधाड निघून जाते. कोणी कोणाला वाट द्यायची, का द्यायची आणि दिल्यावर चेहरा कसा ठेवायचा, हे शिकायला याहून बरे गुरुकुल नाही.

आता लक्षण. ‘जो अठरा होल खेळायला सव्वाचार तासांहून जास्त वेळ लावतो तो मंद’ ही व्याख्या क्लबांच्या सूचनाफलकांवर आढळते. ती अतिव्याप्त आहे. पहाटे निघालेल्या एका गटाने घोळ घातला, की त्याच्या मागचे आठ गट सव्वापाच तासांनी घरी पोचतात. घड्याळाप्रमाणे तेही मंद ठरले; प्रत्यक्षात ते बिचारे बॅगेवर टेकून शेंगदाणे खात होते. दुसरी व्याख्या नियमकर्त्यांची. आर अँड ए आणि अमेरिकन गोल्फ संघटना यांनी २०१९ साली नवे नियम आणले, त्यांत शिफारस आहे की आपली पाळी आली आणि अडथळा नसला, की ४० सेकंदांत फटका मारावा. ही व्याख्या अव्याप्त. आमच्या पाहण्यात असे गृहस्थ आहेत, की जे दहा सेकंदांत फटका मारतात. पण चेंडूपर्यंत पोचेतो वाटेत तीन फोन घेतात, पटर मागच्या ग्रीनवर विसरतात, तो आणायला स्वतःच जातात आणि येताना जांभळे वेचत येतात. चाळीस सेकंदांच्या जाळ्यात हा मासा सापडत नाही.

सिद्धान्त जुन्या शिष्टाचारात सापडतो, आणि तो इतका नेटका आहे की कोण्या नैयायिकाने लिहिला असावा अशी शंका येते. पुढच्या गटाच्या मागे पाऊल ठेवून चालणे हे प्रत्येक गटाचे कर्तव्य. पुढे एक अख्खा होल मोकळा सुटला आणि मागचे अडले, तर मागच्यांना बोलावून पुढे जाऊ द्यावे. दोन्ही अटी एकत्र हव्यात. पुढे मोकळे, पण मागे कोणीच नाही : तो मंद नव्हे, तो निवांत. मागे रांग, पण पुढेही रांग : तो मंद नव्हे, तो पीडित. म्हणजे मंदत्व हा माणसाच्या अंगचा गुण नसून तो दोन गटांमधल्या रिकाम्या जागेत राहतो. ही गोष्ट मंदांच्या फार पथ्यावर पडली आहे. कारण त्या जागेकडे पाहायचे तर मान वर करावी लागते, आणि मागच्यांकडे पाहायचे तर वळवावी लागते. चेंडूवरची नजर हलू द्यायची नाही हे तर गोल्फचे पहिले व्रत.

येथे थोडे गणित. चौघांचा गट, प्रत्येकाचे नव्वद फटके. साध्या क्लब खेळाडूला हा आकडा लाज आणणारा नाही. एकूण ३६० फटके. प्रत्येकाने फटक्यामागे फक्त दहा सेकंद जास्त घेतले तर ३,६०० सेकंद, म्हणजे बरोबर एक तास. दहा सेकंदांत काय होते? हातमोजा काढून पुन्हा घातला जातो. तास गेला कुठे म्हणून क्लबहाउसमध्ये हळहळणाऱ्या कोणाला विचारावे, तो हातमोज्याचे नाव घेणार नाही.

या दहा-दहा सेकंदांत जो विधी चालतो त्याचे वर्णन केल्याशिवाय पुढे जाणे पाप होईल. प्रथम तृणक्षेपण : चार गवताच्या काड्या उपटून हवेत सोडायच्या आणि वारा कुठे वाहतो ते पाहायचे. वारा समोरच्या झेंड्यावरही दिसत असतो, पण तो परक्याचा पुरावा. मग काठीची निवड. सात नंबर मागायचा, कॅडीने ‘साहेब, सहा घ्या’ म्हणायचे, सहा घ्यायचा, परत द्यायचा, सात घ्यायचा, आणि चेंडू तोकडा पडल्यावर कॅडीकडे बघायचे. त्यानंतर हवेतले सरावाचे झोके. विषम संख्येत शुभ मानतात. ग्रीनवर प्रदक्षिणा. चेंडूच्या मागे उकिडवे, भोकाच्या मागे उकिडवे, डावीकडून, उजवीकडून, आणि सरतेशेवटी एक डोळा मिटून पटर लोंबकळत धरणे. एवढे करून चार फुटांचा पट हुकतो. उरले उद्यापन : ग्रीनवरच उभे राहून कोणाचे किती झाले याचा हिशेब. पाच की सहा? ‘तो बंकरमधला धरला का?’ आकडे पुढच्या टीवर जाऊन लिहावेत असा संकेत आहे, पण भांडण ताजे असताना मिटवावे ही आपली संस्कृती.

हा सगळा दोष हौशी खेळाडूंच्या माथी मारू नये. जानेवारी २०१८ मध्ये टॉरी पाइन्सला शेवटच्या होलवर जे. बी. होम्स या व्यावसायिकाने दुसऱ्या फटक्याआधी चार मिनिटांहून अधिक वेळ विचार केला. पाण्यावरून थेट ग्रीनवर मारावे की अलीकडे सुरक्षित टाकावे? विचारान्ती अलीकडे टाकले. शेजारी ॲलेक्स नोरेन जिंकण्याच्या आशेने ताटकळत उभा होता. त्याचा चेंडू मग ग्रीनपलीकडे गेला आणि दुसऱ्या दिवशी प्लेऑफमध्ये तो हरला. होम्सला दंडाचा एक फटकाही बसला नाही. आणि २०१३ च्या मास्टर्समध्ये मंद खेळाबद्दल फटका कोणाला बसला? ग्वान तियानलांग नावाच्या चौदा वर्षांच्या चिनी पोराला. त्यावरून पुढील उपसूत्र निघते : मंदत्व वयाने ज्येष्ठांत अधिक, दंड वयाने कनिष्ठांत अधिक. आपल्या क्लबांतही हे तपासून पाहावे. सर्वांत सावकाश चालणारे चौघे पाहिले, तर त्यांत एक तरी निवृत्त साहेब असतात, आणि त्यांना ‘जरा उरका’ म्हणायला मार्शल म्हणून नेमलेला पोरगा पाठवतात. तो जातो, नमस्कार करतो, पाण्याची बाटली देऊन परत येतो.

पार-थ्रीच्या आखूड होलवर गर्दी का तुंबते, हा प्रश्न मात्र रेल्वेच्या साह्यानेच सुटतो. लांब होलवर एक गट ग्रीनवर, दुसरा मध्यावर, कधी तिसरा टीवर असे मावतात. आखूड होलवर एका वेळी एकच गट. तो ग्रीन सोडत नाही तोवर मागच्याने मारायचे नाही, नाहीतर चेंडू कोणाच्या तरी टाळक्यात. एका ब्लॉकमध्ये एकच गाडी, हे रेल्वेचे जुने तत्त्व. फरक पुढे आहे. मागून मेल यायची असली, की लोकलला एखाद्या स्थानकात बाजूच्या लाइनवर घेतात. मोटरमनला कोणी ‘राव, मागच्याला सोडता का?’ असे विचारत नाही. सिग्नल लाल राहतो आणि विषय संपतो. त्याच्या मानापमानाचा प्रश्नच येत नाही. गोल्फमध्ये सिग्नल नाही. अडवणाऱ्यानेच स्वतःला बाजूला घ्यायचे, हात हलवायचा आणि हसायचे. अपराध्यालाच न्यायाधीश नेमणारा दुसरा खेळ आम्हांस माहीत नाही.

जवळच किवळ्याला द्रुतगती मार्ग संपतो. तेथील ९४.५ किलोमीटरांत उजवी लेन ओलांडण्यासाठी असते, असे शास्त्र. प्रयोगात तीमधून ट्रक चढ चढत असतो आणि त्याला ओलांडणारा दुसरा ट्रक त्याच्या डावीकडून, ताशी एका किलोमीटरच्या फरकाने. गोल्फमधल्या मंदांना आम्ही या मार्गावर नेऊन उभे करू इच्छितो, पण मग ते आपल्याला वेगवान समजू लागतील ही भीती.

उलट बाजूला देहू. ज्येष्ठ वद्य सप्तमीला तुकोबांची पालखी निघते, तेव्हा कोणाला पुढे जाऊ देण्याचा प्रश्नच नसतो, कारण प्रत्येक दिंडीचा क्रम ठरलेला आणि सगळ्यांचा मुक्काम एक. चाल पखवाज ठरवतो. आळंदीच्या सोहळ्यात तर तक्रारीचीही सोय आहे : समाजआरतीच्या वेळी चोपदाराने चोप उंचावला की लाखोंचा जमाव गप्प होतो, आणि जिची तक्रार असेल त्या दिंडीचे टाळ तेवढे वाजत राहतात. चोपदार तिथे जाऊन ऐकून घेतो. गोल्फ क्लबांनी मार्शलऐवजी चोपदार नेमावा, ही आमची विधायक सूचना. टाळांच्या जागी काठ्या वाजवता येतील.

गहुंज्याच्या क्रिकेट मैदानाचा उल्लेख केवळ शेजारधर्म म्हणून. तिथे षटकांमधल्या साठ सेकंदांच्या घड्याळाची एकदिवसीय सामन्यांत गरज पडत असेल, कसोटीत नाही. फेब्रुवारी २०१७ मध्ये भारताने १०५ आणि १०७ धावांत दोन्ही डाव उरकून पाच दिवसांचे काम तीन दिवसांत संपवले. इतकी तत्परता गोल्फरांकडून कोणी मागत नाही.

आता हेत्वाभास. मंदाला हटकले असता तो तीन कारणे देतो. ‘पुढचेच अडलेत हो’ : पाहावे तर पुढे अडीचशे मीटर फक्त साळुंक्या. हेतूच जागेवर नाही, म्हणून हा असिद्ध. ‘आम्ही पैसे भरलेत’ : पैसे मागच्यांनीही भरलेले असतात; जो हेतू दोन्ही पक्षांत सारखाच नांदतो तो सव्यभिचार. ‘आम्ही काय, मजेसाठी खेळतो’ हा विरुद्ध, कारण मजेसाठी खेळणारा मनुष्य तीन फुटांच्या पटसाठी पोटावर आडवा होत नाही.

राहता राहिला एकटा खेळाडू. जुन्या शिष्टाचारात त्याला मैदानावर कसलाच दर्जा नव्हता. कोणीही आले तरी त्याने बाजूला व्हायचे, त्याच्यासाठी कोणी थांबायचे नाही. पुढे ते कलम गळले, पण सवय राहिली. एकटा भरभर चालतो, त्याला चर्चेला कोणी नाही, हिशेबाला कोणी नाही, म्हणून तो सगळ्यांना गाठतो आणि प्रत्येक टीवर खांब होऊन उभा राहतो. हाताची घडी, मधूनच घड्याळ, मधूनच एक अर्थपूर्ण खोकला. सातव्या होलवर कधीतरी चौघांपैकी एकाला दया येते. तो हात हलवतो : ‘या हो, तुम्ही व्हा पुढे!’ चौघे बाजूला होतात, काठ्यांवर हात टेकून पाहत राहतात. एकटा धावत येतो, ‘थँक्यू, थँक्यू, सॉरी हं’ म्हणतो, घाईघाईने चेंडू ठेवतो, सरावाचा झोका न घेता फटका मारतो, आणि चेंडू आडवा जाऊन घाणेरीच्या झुडपात शिरतो. ‘सापडेल, सापडेल,’ म्हणत तो झुडपात घुसतो. शोधायला पूर्वी पाच मिनिटे मिळत. २०१९ पासून तीन. चौघांपैकी साहेब मनगट वर करून घड्याळ लावतात, आणि मागून पाचवा गट टीवर येऊन विचारतो, ‘काय हो, पुढं कोण अडलंय?’