‘फुल्ली रिस्टोअर्ड’ काकांस

ती. काका,

सा. न. वि. वि.

नमस्कार एवढ्यासाठी, की तुम्ही वयानं मोठे आहात. बाकी या पत्रात तुमचा मान राखण्याचा माझा काही विचार नाही. उघड पत्र लिहायचं कारण असं, की फोनवर विषय काढला की तुम्हाला नेमका दुसरा फोन येतो. आणि मंडळाच्या दिवाळी अंकाला मजकूर कमी पडतोय, असं संपादकबाई म्हणतच होत्या.

तुमच्याकडून घेतलेली १९७३ ची पोर्शे ९१४ घेऊन परवा रविवारी एल कमिनो रियलवरून चाललो होतो. शेजारी मुलगी. छपराचा फायबरचा पत्रा काढून मागच्या डिकीत ठेवलेला, ऊन छान, लोक वळून बघतायत. सिग्नलला थांबलो तशी पोर म्हणाली, "बाबा, गॅस स्टेशन आलं का?"

गॅस स्टेशन आलं नव्हतं, काका. गॅस स्टेशन आमच्याबरोबरच चाललं होतं.

गाडी कडेला घेतली, किल्ली बंद केली, पोरीला उतरवून लांब झाडाखाली उभं केलं आणि मागच्या काचेमागची जाळी उचलली. इंजिनावरच्या पत्र्यावर पेट्रोलचा ओला पट्टा होता आणि त्यात नळीतून एकेक थेंब पडत होता. खाली एक्झॉस्ट तापलेला. गाडी टो ट्रकवरून घरी आली. शेजारच्या आजोबांनी विचारलं, "नवीन घेतली?" मी हो म्हणालो.

आता जरा तुमच्या जाहिरातीकडे वळू. ‘फुल्ली रिस्टोअर्ड’ असे दोनच शब्द होते, पण काय वजनाचे! रंग नवा, तोही मूळचा नारिंगी. फुक्सची चाकं पॉलिश केलेली. सीटची कव्हरं नवी, गालिचा नवा, स्टिअरिंगला हातानं शिवलेलं चामडं, बॉनेटवरचा बिल्ला इतका लखलखीत, की त्यात बघून दाढी करावी. दसऱ्याचा फोटोही तुम्ही दाखवलात: गाडीला झेंडूची माळ, पुढच्या चाकाखाली लिंबू, बंपरला लिंबू-मिरची. झेंडू आणि गाडी एकाच रंगाची, त्यामुळे माळ कुठं संपते आणि गाडी कुठं सुरू होते तेही कळत नव्हतं. मी विरघळलो. शिवाय आपलाच माणूस! पैसे मोजून झाल्यावर काकूंनी चिवड्याचा डबा दिला, त्यानंतर माणूस काय तपासणार?

काका, जे जे दिसतं ते ते तुम्ही बदललंत. जे दिसत नाही त्याला दृष्ट लागू नये म्हणून मिरची बांधलीत.

ज्यांना ही गाडी ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. ९१४ हे पोर्शे आणि फोक्सवागन यांचं सामाईक अपत्य. १९६९ मध्ये फ्रँकफर्टच्या मोटार प्रदर्शनात पहिल्यांदा लोकांसमोर आलं आणि १९७६ पर्यंत अशा एक लाख अठरा हजारांहून जास्त गाड्या निघाल्या, त्यातल्या बहुतेक इथं अमेरिकेत खपल्या. त्या जन्माची कथाही आपल्याकडच्या वाटण्यांसारखीच. फेरी पोर्शे आणि फोक्सवागनचे नॉर्डहॉफ यांच्यात सगळं तोंडी ठरलं होतं. १९६८ मध्ये नॉर्डहॉफ वारले आणि त्यांच्या जागी आलेल्या लोट्झ यांनी, असं काही कागदावर नाही, म्हणून हात वर केले. असो. आपल्याशी संबंध आहे तो रचनेचा. इंजिन माणसांच्या पाठीमागं आणि पेट्रोलची टाकी पुढं, पायांच्याही पुढं. म्हणजे टाकीतलं पेट्रोल इंजिनापर्यंत जायचं आणि वापरून उरलेलं परत टाकीत यायचं ते दोन सीटच्या मधल्या टनेलमधून. गिअरचा दांडा, क्लचची केबल, अ‍ॅक्सिलरेटरची केबल आणि त्यांच्याच सोबतीनं पेट्रोलच्या दोन नळ्या, सगळे एकाच चाळीत. आणि त्या नळ्या धातूच्या नाहीत, प्लॅस्टिकच्या. नव्या होत्या तेव्हा वाकत असतील. पन्नास वर्षांनी वाकवल्या तर तुटतात.

तुमच्या उजव्या कोपरापासून वीतभर अंतरावर पेट्रोल वाहत होतं, काका. आणि त्याच टनेलवर तुम्ही नवा गालिचा चिकटवलात. पक्क्या गोंदानं.

पण टनेलचं मी एक वेळ सोडून देईन. टनेल उघडणं सोपं नाही, हे आता मलाही ठाऊक आहे. मला झोप लागत नाही ती इंजिनापाशी तुम्ही जे करून ठेवलंय त्यानं.

या गाडीत कार्ब्युरेटर नाही; बॉशचं डी-जेट्रॉनिक इंजेक्शन आहे. कार्ब्युरेटरच्या गाडीत पेट्रोलला जेमतेम पाव बारचा दाब असतो. इथं तो दोन बारच्या आसपास, म्हणजे आठपट. त्यासाठी होज वेगळी मिळते आणि ती ओळखायला इंजिनिअर असावं लागत नाही, वाचता आलं की पुरे. होजच्या अंगावरच छापलेलं असतं: एसएई ३०आर७ असेल तर कार्ब्युरेटरसाठी, ३०आर९ असेल तर इंजेक्शनसाठी. मी टॉर्च घेऊन तुमच्या नळ्यांवर काय छापलंय ते शोधायला लागलो. पुसून पाहिलं, चष्मा काढून पाहिलं, आरसा खाली सरकवून मागच्या बाजूनं पाहिलं. काही नाही. कोऱ्या. नखानं दाबल्यावर बाहेरचं रबर भेगाळलं आणि आतला थर बोटाला काळा लागला. मग हार्डवेअरच्या दुकानात जाऊन ताडून पाहिलं. काका, ती व्हॅक्यूमची होज आहे. हवेसाठीची. तिच्यातून तुम्ही दोन बार दाबानं पेट्रोल सोडलंत.

आणि ते क्लॅम्प! पट्टीला खाचा असलेले, स्क्रूनं आवळायचे, घरच्या पाण्याच्या पाइपाला लावतात ते. आवळले की त्या खाचा रबरात रुततात आणि होज कापत जातात. इंजेक्शनसाठी वेगळे क्लॅम्प मिळतात, गुळगुळीत पट्टीचे, कडा बाहेर वळवलेले, होजला न कापणारे. तुम्ही तुमचे इतक्या जोरात आवळले होते, की एका ठिकाणी होज अर्धी चिरली गेली होती. बाकीची अर्धी तुमच्या पुण्याईवर टिकून होती. योग्य होज फुटाला काही डॉलरला मिळते. तुमच्या स्टिअरिंगच्या चामड्याला जे मोजलेत, त्यात अख्ख्या गाडीच्या होज बदलून वर मंडळाला वडापाव खाऊ घालता आला असता.

(रेडिओची वायर हॅझर्ड लाइटला जोडली आहे, पेट्रोलचा काटा कायम अर्ध्यावर असतो आणि ग्लोव्ह बॉक्समध्ये तुमच्या २०११ च्या डेंटिस्टची चिठ्ठी आहे. त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही.)

यावर तुम्ही फोनवर एवढंच म्हणालात, "अरे, हल्लीचं पेट्रोलच खराब. इथेनॉल." बरोबर आहे. इथल्या पेट्रोलमध्ये दहा टक्के इथेनॉल असतं, मक्याचं. ते जुन्या रबराला खातं, हवेतली ओल शोषून घेतं, टाकीत गंज धरवतं. भारतात तर आता वीस टक्के आलंय आणि त्यात आपल्या कारखान्यांच्या उसाचाही वाटा आहे. पुण्या-मुंबईत ज्यांच्या गॅरेजमध्ये जुनी प्रीमियर किंवा हेराल्ड झाकून ठेवली आहे त्यांनी हे पत्र बाजूला ठेवून आधी बॉनेट उघडावं. पण काका, इथेनॉलनं व्हॅक्यूमची होज आणून बसवली नाही. ती तुम्ही बसवलीत.

कॅलिफोर्नियाचीही गंमतच आहे. १९७५ पर्यंतच्या गाड्यांना धुराच्या तपासणीतून माफी, आणि दर वर्षीची सुरक्षा तपासणी इथं नाहीच. म्हणजे या गाडीखाली वाकून बघायला सरकार येत नाही, विमावाला येत नाही, विकत घेणाऱ्याला चिवडा दिलेला असतो. उरतो एक मालक. तो चाकं पॉलिश करत बसला, तर संपलं.

इथवर चेष्टा केली. आता नाही करत.

आमचं गॅरेज घराला जोडून आहे. तुमचंही. गॅरेजच्या कोपऱ्यात गॅसवरचा पाणी तापवायचा हीटर आहे, त्यात छोटी ज्योत अखंड पेटलेली. ते हीटर उंच चौथऱ्यावर का बसवतात, कधी विचार केलाय? त्याची ज्योत जमिनीपासून अठरा इंच वर हवी, असा इथला नियम आहे. कारण पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती वर जात नाही, फरशीवर साचते आणि पाण्यासारखी पसरत जाते. नियम करणाऱ्यांना माहीत होतं, की कोणी तरी तुमच्यासारखा निघणार. तुमच्या गॅरेजच्या वरच्या खोलीत सुट्टीला आलेली नातवंडं झोपत होती. माझ्या गॅरेजच्या वर माझी मुलगी झोपते. गाडी घेतल्यापासूनच्या सगळ्या रात्री ती त्या व्हॅक्यूमच्या होजच्या डोक्यावर झोपत होती. तुम्ही मला जाहिरातीत काय वाट्टेल ते सांगा, क्रोम नवं म्हणा, इंजिन नवं म्हणा, पण इंजेक्शनच्या गाडीला हवेची नळी लावून ती दुसऱ्याच्या घरात पाठवायची म्हणजे काय? लाज वाटायला हवी होती, काका. तुम्ही भिलाईला बॉयलरवर काम केलेला माणूस. दाब म्हणजे काय, हे तुम्हाला मी सांगायचं?

गाडी स्टँडवर चढवली, बॅटरी सोडवली, टाकी रिकामी केली. इंजिनाच्या होज बदलल्या, इंजेक्टरपाशीच्या आखूड तुकड्यांसकट. मग टनेल. तुमचा गालिचा पातीनं खरवडून काढला, गिअरचा दांडा सोडवला, आत हात घातला. पेट्रोलची नळी जरा हलवली तशी काडकन मोडली. पुढचा तुकडा हातात, मागचा कुठं तरी आत. तो ओढायला आत चाचपडत होतो तेव्हा बोटाला तार लागली.

फोटोफ्रेम टांगायची असते तसली वेटोळी तार. तिचं एक टोक जुन्या नळीला व्यवस्थित बांधलेलं, वर काळी टेप गुंडाळलेली. दुसरं टोक क्लचच्या केबलच्या पाइपात अडकलेलं. आणि थोडं मागं, हात पुरणार नाही अशा जागी, पेन्सिलीएवढा टॉर्च. आतला सेल फुगून गळलेला.

म्हणजे तुम्ही प्रयत्न केला होता. टनेल उघडलं होतं, जुन्या नळीला तार बांधून नवी नळी आत ओढायचं बघितलं होतं. पद्धत तर अगदी बरोबर. पण हे काम दोन माणसांचं आहे, काका. एकानं पुढून नळी सरकवायची, दुसऱ्यानं मागून ओढायची आणि दोघांनी एकमेकांवर ओरडायचं. पुढून माझी पोर सरकवत होती, "गेली का? गेली का?" करत, तिचा हात बारीक म्हणून ती वळणावरून गेली. तुमच्याकडे पुढून सरकवायला कोणी नव्हतं. मुलगा सिअ‍ॅटलला, काकूंचा गुडघा. एकटे त्या सीटच्या फटीत पोटावर पडून टॉर्च दातात धरला असणार, तो निसटून आत घरंगळला असणार, तार अडकली असणार. मग कंबर धरून उठलात आणि वर गालिचा चिकटवलात. अडकलेली तार कोणाला दिसू नये म्हणूनच बहुधा तो इतक्या पक्क्या गोंदानं.

हे कळल्यावर राग कमी झाला, असं लिहावं अशी अपेक्षा असेल, तर तसं नाही. उलट वाढला. तुमच्या घरापासून दहा मिनिटांवर राहतो मी. गणपतीत खुर्च्या लावायच्या असल्या की तुमचा फोन येतो. मखर उतरवायचं तरी फोन. आयकियाचं कपाट जोडायचं, स्क्रू उरले म्हणून फोन. आणि पेट्रोलची नळी अडकली तेव्हा फोन नाही? मदत मागायला कमीपणा वाटला आणि गाडी विकायला वाटला नाही?

स्टेनलेस स्टीलच्या नळ्या आता जागेवर बसल्या आहेत. पत्र्याच्या भोकाशी नवे रबरी ग्रोमेट घातलेत, नाही तर पत्र्याची धार आज ना उद्या काही तरी कापणारच. पंप चालू करून बराच वेळ प्रत्येक जोडावरून कोरडा टिश्यू फिरवला. कोरडाच निघाला. तुमचा टॉर्चही माझ्याकडे आहे.

आता खरा मुद्दा. काल काकू सांगत होत्या, तुम्ही ९१४ च्या पैशातून फोक्सवागनची बस घेतलीत. १९७६ ची, कॅम्पिंगची. तीत इंजिन त्याच घराण्यातलं आहे, काका, आणि इंजेक्शनही आहे. वर त्या बसमध्ये टाकी आणि इंजिन एकमेकांना जवळजवळ चिकटून असतात आणि झोपायची फळी थेट इंजिनाच्या डोक्यावर येते. नाताळात नातवंडांना घेऊन योसेमिटीला निघायचं म्हणताय. नवे पडदे शिवायला टाकलेत, हेही कळलं.

माझ्याकडे आर९ ची होज उरली आहे, क्लॅम्पही पुरेसे आहेत. येत्या शनिवारी सकाळी मी आणि माझी मुलगी तुमच्याकडे येतोय. तोवर गाडी गॅरेजमधून बाहेर, अंगणात काढून ठेवा. ढकलून काढा, चालू करू नका. बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवून ठेवा. टाकीत नवीन पेट्रोल भरू नका. काकूंना सांगा, चहा आम्ही थर्मासमधून आणू.

कळावे. लोभ आहेच, नाही तर कशाला येतोय.

तुमचा,
दहा मिनिटांवरचा