शेपटीवाल्यांचं आर्य मौन

आमच्या गावात माणसं लांबलांबून येतात ती न बोलायला. धम्मगिरीवर १९७६पासून विपश्यनेची शिबिरं चालतात आणि दहा दिवसांच्या शिबिरात आर्य मौन पाळावं लागतं. बाहेरच्यांना वाटतं, तोंड मिटलं की झालं. पण खुणा करायच्या नाहीत, चिठ्ठ्या लिहायच्या नाहीत, शेजाऱ्याकडे बघून भुवईसुद्धा उडवायची नाही. वाचेबरोबर कायाही गप्प हवी. हा नियम कळला तेव्हाच माझी खात्री झाली, की इगतपुरीतलं एकही कुत्रं हे शिबिर पूर्ण करू शकणार नाही. न भुंकता दहा दिवस काढतीलही बिचारी, पण मागच्या बाजूचं काय करणार?

शेपूट हलली म्हणजे कुत्रं खूश, असं आपण लहानपणापासून धरून चालतो. ते अर्धंच खरं. शेपूट ताठ उभी, हलते पण थरथरल्यासारखी, अंग लाकडासारखं घट्ट, अशा कुत्र्याला गोंजारायला जाऊ नये. डॉक्टर, इंजेक्शनं, सगळं मागे लागतं. खरोखर आनंदलेलं कुत्रं कंबरेपासून हलतं. कान मागे पडतात, तोंड सैल उघडतं, डोळे मवाळ होतात आणि पुढचे पाय एका दिशेला तर मागचे दुसऱ्या दिशेला निघतात. खेळायचं असेल तर पुढचे पाय पसरून छाती जमिनीला टेकवतं आणि ढुंगण वर ठेवतं. हे आमंत्रण समजायला कुठलंही शिबिर करावं लागत नाही.

इटलीत बारी विद्यापीठातल्या आंजेलो क्वारांता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ साली ३० कुत्र्यांच्या शेपट्या मोजूनमापून पाहिल्या. मालक दिसला की शेपटीचा झोका उजवीकडे जास्त जातो आणि अनोळखी, दांडगं कुत्रं दिसलं की डावीकडे. मेंदूचा डावा भाग शरीराची उजवी बाजू चालवतो आणि जवळ जाण्याची ओढ त्या डाव्या भागाशी जोडलेली असते, असा त्याचा उलगडा. हे वाचल्यावर मी स्टेशनवरच्या भुऱ्यावर प्रयोग करायचं ठरवलं. अडचण अशी, की उजवी म्हणजे त्याची उजवी. तो समोरून आला की ती माझी डावी. हा हिशेब मनात जुळेपर्यंत तो माझ्याभोवती दोनदा फिरलेला असतो. शिवाय माझ्या हातात वडापाव. त्यामुळे झोका उजवीकडे गेला तरी मालक मी की पाव, हे विज्ञानाला ठरवता येणार नाही. (वडा मी त्याला देत नाही. लसूण, मिरची कुत्र्यांना सोसत नाही. पावावर भागवतो.)

भुऱ्याची खरी विद्या गाड्यांची. कसाऱ्याहून घाट चढणाऱ्या गाडीला ढकलायला बँकर इंजिनं जोडतात, कारण चढ ३७ फुटांना एक फूट असा आहे. इगतपुरीला ती सुटतात. तेवढ्या थांब्यात फलाटावर वडापावची धांदल उडते. भुऱ्या रिझर्वेशनच्या डब्यांसमोर वेळ घालवत नाही. जनरलच्या दारासमोर बसतो, तिथे हात बाहेर असतात. मुंबईची पर्यटक मंडळी त्याला मिठी मारून फोटो काढतात तेव्हा तो तोंड वळवतो, ओठ चाटतो, लांबलचक जांभई देतो. त्यांना वाटतं, किती निवांत आहे! तो प्रत्यक्षात म्हणत असतो, 'ताई, पुरे आता.' सुटल्यावर कोरड्या अंगानेच एकदा जोरात झटकतो, जणू मिठी अंगाला चिकटली होती. ओल्या अंगाने झटकणं वेगळं. आषाढात ते तो नेहमी माझ्याजवळ येऊन करतो, आणि याला मी प्रेम समजतो.

या विषयात माझा सगळ्यात आवडता माणूस डार्विन. १८७२च्या भावनांवरच्या पुस्तकात त्याने आपल्या कुत्र्याबद्दल लिहिलं आहे. फिरायला निघालं की स्वारी डोकं वर, शेपूट वर करून पुढे चालायची. वाटेत उजवीकडे काचघराकडे जाणारा फाटा होता. प्रयोगाची रोपं बघायला डार्विन तिकडे वळला, की फिरणं संपलं की काय या शंकेने कुत्र्याचं डोकं, कान, शेपूट सगळं एकदम खाली. घरात त्या चेहऱ्याला 'काचघराचा चेहरा' असंच नाव पडलं होतं. उत्क्रांतीचा सिद्धांत मांडणाऱ्या माणसाला कुत्र्याचं तोंड उतरलेलं बघून हसू यायचं, आणि कधीकधी तो प्रयोग म्हणून मुद्दामच जरासा फाट्याकडे वळायचा. आता २०१९च्या एका अभ्यासात कळलं आहे, की कुत्र्यांमध्ये भुवईचं आतलं टोक वर उचलणारा एक स्नायू असतो, तो लांडग्यांमध्ये तसा नीट आढळत नाही. म्हणजे हजारो वर्षं आपल्यासोबत राहून त्यांनी जे कमावलं, त्यात केविलवाणं बघण्याचं यंत्रही आलं. आर्य मौनात भुवई का वर्ज्य असते, ते इथे लक्षात येतं.

शिबिर संपवून मंडळी स्टेशनवर येतात, तेव्हा मौन दहाव्या दिवशीच सुटलेलं असतं आणि दहा दिवसांचं साठलेलं बोलणं चालू असतं. भुऱ्या त्यांच्यात बसून ऐकतो. कान पुढे, मान जराशी तिरकी. मग घाटाकडून भोंगा आला, की मान तिकडे फिरते. शेपूट वर, छाती पुढे. धुक्यातून डब्यांऐवजी वाघिणी दिसू लागल्या, की डोकं, कान, शेपूट ओळीने खाली. परवा मी शेजारी पाहिलं, तर टोपली उचलून उभे राहिलेले वडेवाले मामाही तसेच खाली बसत होते. "मालगाडी," ते म्हणाले. भुऱ्याने ते आधीच सांगितलं होतं.